वाऱ्याच्या खालच्या अंगाला

सरांच्या हातात लेझरचा पॉइंटर होता. त्याचा लाल ठिपका पडद्यावरच्या नकाशातून फिरत फिरत आला आणि आमच्या घरावर थांबला.

आमचंच घर. मीच काढलेलं. पडवीसकट.

"आता हे बघा," सर म्हणाले. "देऊळ पश्चिमेला. मोठी घरं पश्चिमेला. खाडीकडून येणारा ताजा वारा आधी त्यांना मिळतो. आणि मेलेली गुरं, कातडं, गावाची घाण उचलणारी वस्ती इथे. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे वास गावात शिरतच नाही. कुणी आर्किटेक्ट नव्हता, कुठलं सॉफ्टवेअर नव्हतं. याला म्हणतात परंपरेचं शहाणपण."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. मुंबईहून आलेले गुंतवणूकदार होते, हिरव्या इमारतींचं प्रमाणपत्र मिळवून देणारा सल्लागार होता, आणि शेठ होता. शेठ म्हणजे बिल्डर, आमच्याच गावचा. त्याचीही मान हलली. आपल्या आजोबांनी एवढं मोठं शहाणपण करून ठेवलंय, हे त्याला त्या दिवशीच कळलं असावं.

मग सर माझ्याकडे वळले. "आणि योगायोग बघा, याच वस्तीतली मुलगी आपल्या ऑफिसात आहे. उभी राहा ना. सांग यांना, तुमच्याकडे वारा कसा येतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले.

"गावावरून येतो," मी म्हणाले.

"वा," सर म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या वाजवल्या की अपमान झाल्यासारखं वाटत नाही. वाजवणाऱ्यांना.

मी खाली बसले. मला तेव्हा उलटं बोलता आलं नाही. बोलायचं काय, हेच कळलं नाही. शिवी दिली असती तर शिवी परत दिली असती. कौतुकाला काय परत देणार?

सर आर्किटेक्ट, आणि मी त्यांच्या पनवेलच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी म्हणायचे ड्राफ्ट्समनच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं काम, बसायला फिरती खुर्ची. आमच्या बौद्धवाडीत फिरत्या खुर्चीवर बसणारी मी पहिली. आई हे कुणालाही सांगायची, भाजीवालीलासुद्धा.

सर वाईट बोलायचे नाहीत. तीच तर पंचाईत होती. खादीचा कुडता, पायात कोल्हापुरी, तांब्याच्या बाटलीतून पाणी. ऑफिसात प्लास्टिक आणलं तर त्यांचा चेहरा सुतक असल्यासारखा व्हायचा. मला "अगं, बेटा" म्हणायचे. आडनाव विचारायचे नाहीत. गरजच नव्हती, पगाराच्या यादीत होतं. काचेच्या इमारती त्यांना आवडत नसत. आवडत नसत म्हणून काच बसवून झाली की तिच्यावर आडवे बांबू लावायचे.

विमानतळाच्या नुसत्या बातमीवर आमच्याकडच्या भातखाचरांचे भाव चढले होते. आमचं गाव पनवेलहून नेऱ्याकडे जाताना लागतं. तिथल्या खाचरांवर शेठला बिझनेस कॉम्प्लेक्स उभारायचं होतं. साधंसुधं नको, हिरवं. छतावर सोलर, सांडपाणी पुन्हा बागेला, ओल्या कचऱ्याचं खत. सरांनी मला सांगितलं, "गावाचा अभ्यास करू. जुनं गाव आपल्याला डिझाइन शिकवेल."

सरकारी नकाशात गाव होतं. आमची वाडी नव्हती. तिथे नुसता कोरा कागद होता. मग मी स्वतः मोजायला गेले. टेपचं दुसरं टोक आईने धरलं. गल्लीतून टेप ओढत आम्ही दोघी फिरलो.

"आपलं बी घर काडनार?" आईने विचारलं.

"काढणार."

"मंग पडवी पन दाव. पडवी तुज्या बापाने बांदलीय."

मी पडवी दाखवली. प्रत्येक घर काढलं, विहार काढला, बोअरवेल काढली. आयुष्यात पहिल्यांदा आमची वाडी कागदावर आली. मला अभिमान वाटला होता, खोटं का बोला. त्याच नकाशावर तो लाल ठिपका नाचला.

आमचा आजा गावची मेलेली गुरं ओढायचा. म्हातारा झाल्यावरही त्याच्या अंगाचा वास गेला नाही, असं त्यालाच वाटायचं. तो जेवताना सगळ्यांपासून लांब बसायचा, स्वतःच्या घरात. त्याला कुणी विचारलं नव्हतं, बाबा, तू वाऱ्याच्या कुठल्या अंगाला राहतोस. त्याला तिथे ठेवला होता. हाकलून ठेवला होता. आणि हे कुडतेवाले येऊन सांगतात की ते हवामानाला अनुरूप नियोजन होतं.

टाळ्यांच्या नंतरच्या आठवड्यात सरांनी मला काम दिलं. कॉम्प्लेक्सची मागची बाजू. खताचं यंत्र, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, जनरेटर, कचरा वेगळा करायची जागा. आणि सफाईवाल्या बायकांची बसायची, जेवायची खोली. सगळं पूर्वेला, एका ओळीत. वारा इमारतीवरून येणार आणि या सगळ्यावरून पलीकडे जाणार. खोली ओळीच्या अगदी शेवटी, म्हणजे ओळीतली सगळी घाण पोटात घेऊन वारा तिच्यात शिरणार.

"हा भाग तू कर," सर म्हणाले. "तुला त्याची आतून जाण आहे."

आतून जाण. हे शब्द मी विसरलेली नाही.

स्थानिकांना रोजगार म्हणून शेठने गावात शब्द दिला होता. गाववाल्यांच्या पोरांना सिक्युरिटीचं आणि पाण्याच्या टँकरचं कंत्राट. वाडीतल्या बायकांना झाडलोट. आईने नाव दिलं होतं. म्हणजे मी जी खोली काढणार होते, तिच्यात माझी आई भाकरी खाणार होती.

मी ती खोली पश्चिमेला काढली. बागेच्या कडेला, दोन खिडक्या, बाहेर ओटा.

सरांनी पाहिलं आणि हसले. रागावले नाहीत, कधीच नाही रागवायचे. "बेटा, भावना वेगळ्या, डिझाइन वेगळं. पश्चिमेला कॅफे आहे."

शेठ तिथेच बसला होता. तो म्हणाला, "त्यांना रूम कशाला पायजेल साहेब? झाडाखाली बसतात की. आमी बगितलंय ना पिढ्यान्‌पिढ्या. पन तुमच्या सर्टिफिकेटाला लागत आसल तर द्या मागं कुठंतरी."

शेठ निदान सरळ होता. पोटात होतं तेच ओठावर. सरांनी मात्र मान तिरकी केली, त्यांच्या भाषेत त्याला संवेदनशीलता म्हणतात, आणि म्हणाले, "नाही नाही, खोली द्यायचीच. आपण तिला छान नाव देऊ. भिंतीवर वारली चित्रं काढून घेऊ."

"मी ती खोली मागे काढणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तिथे माझी आई बसणार आहे. मी नाही काढणार. तुम्ही काढा. तुमच्या हाताने काढा."

सरांच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव आला. या लोकांना दुखावून घेता फार सुंदर येतं. समोरच्याच्या पायावर गाडी घालतील आणि टायर दुखलं म्हणतील.

"मी तुला मुलीसारखं वागवलं," ते म्हणाले.

"तुमच्या मुलीला त्या दिवशी उभं केलं असतं का?"

त्यांनी ती खोली स्वतःच्या हाताने काढली नाही, अर्थातच. फाईल शेजारच्या टेबलावर गेली आणि जेवायच्या सुट्टीआधी खोली तयार झाली, पूर्वेला, ओळीच्या शेवटी. मी पर्स उचलली आणि खाली उतरले. त्या महिन्याचा पगारही मागायला गेले नाही. त्यांच्या तोंडून परत एकदा "बेटा" ऐकायची माझी तयारी नव्हती.

घरी आईने ते ऐकून आधी भांडी आपटली. मग म्हणाली, "खुर्ची होती तुला. खुर्ची सोडतंय का कुनी?"

त्यानंतर मी पनवेलजवळच्या करंजाड्यात छोटे प्लॉटवाले गाठून घरांचे नकाशे काढायला लागले. कॉम्प्युटर जुना, पण माझा.

कॉम्प्लेक्स उभं राहिलं. बांबू, काच, तळं, तळ्यात कमळं. हिरवं प्रमाणपत्र मिळालं, मासिकात फोटो आला. दर्शनी भिंतीवर तांब्याच्या पत्र्यात एक नकाशा कोरून लावला आहे. माझा. खाली लिहिलंय, "गावाकडून शिकताना". आमची घरं बारीक चौकोन करून ठेवली आहेत. पडवी काढून टाकली आहे, सुबक दिसत नसेल. पुढच्या अंगणाला नाव दिलंय, "सर्वांसाठी खुला चौक". फलकावर मराठीतही लिहिलंय, सगळ्यांना वाचता यावं म्हणून.

आई कामाला लागली. संध्याकाळी यायची तर डबा भरलेला. भाकरी तशीच, भाजी तशीच. म्हणायची, भूक नाही लागत. घरी येऊन शिळं खायची. गालांची हाडं वर आली. ती खोली मला माहीत होती, तरी वाटलं आजार असेल. डॉक्टरकडे चल म्हटलं तर टाळायची.

मग एका दुपारी मी तिकडे गेले. गाववाला सिक्युरिटी ओळखीचा होता, त्याने सोडलं. मागच्या बाजूला पोचायच्या आधीच वासाने गाठलं. खताच्या यंत्राचा आंबूस भपका आणि प्लांटची दुर्गंधी, दोन्ही एकदम. खोलीच्या दारावर पाटी होती, "सखी कक्ष". भिंतीवर वारली बायका हातात हात घालून नाचत होत्या. त्यांना नाकं नसतात, नशीबवान. खऱ्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. डबे मांडीवर, बंद. कुणी बोलत नव्हतं, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं.

"हितं कशाला आलीस?" आई पदरातून म्हणाली.

"तू जेवत का नाहीस ते बघायला."

"व्हईल सवय."

सवय. मला आजा आठवला, स्वतःच्या घरात लांब बसून जेवणारा. त्यालाही सवय झाली होती. मी डोळ्यांदेखत बघत होते, पुढची सवय तयार होत होती. या वेळी प्रमाणपत्रासकट. तिथे मला रडू नाही आलं. किळस आली. वासाची नाही. त्या नाचणाऱ्या चित्रांची, त्या गोड पाटीची, सांडपाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या आणि माणसांना त्याच्या वाफेत बसवणाऱ्या सगळ्या हुशारीची.

मी आईच्या मांडीवरचा डबा उचलला आणि चालायला लागले.

"आगं ये, कुटं चाललीस? तुजी गेली नोकरी, आता माजी घालव."

मी थांबले नाही. इमारतीला वळसा घालून पुढे आले आणि खुल्या चौकात, तळ्याच्या दगडी काठावर डबा उघडला. खाडीकडचा वारा थेट तोंडावर येत होता. सरांचा अभ्यास बरोबर होता, जागा खरंच चांगली निवडली होती. कॅफेतली माणसं कपातून माना वर करून बघायला लागली. मागे वळून पाहिलं तर आई येत होती, रागाने पाय आपटत. तिच्या मागे बाकीच्या.

आई माझ्यासमोर उभी राहिली. डब्याकडे पाहिलं, कॅफेकडे पाहिलं. मग बसली आणि भाकरी मोडली.

सिक्युरिटी पळत आला. "काकी, हितं नाय बसायचं. मॅनेजर माजी नोकरी खाईल."

"मी हितं झाडते," आई म्हणाली. "झाडायला चालते, तर जेवायला बी चालंन."

मॅनेजर आला, फोन झाले. शेवटी त्याने माझ्याच हातात फोन दिला. पलीकडे सर. आवाज तसाच, मऊ.

"अगं, तू अजून चिडलेलीच आहेस. आपण बसून मार्ग काढू. त्या खोलीत मोठा एक्झॉस्ट लावतो. सुगंधी वनस्पती लावू बाहेर."

"खोली पाडा."

"बेटा, ती पूर्ण रचनेचा भाग आहे. एक गोष्ट अशी सुटी काढता येत नाही."

"माहीत आहे, सर. म्हणूनच पाडा म्हणतेय."

त्यांनी फोन ठेवला. त्याच संध्याकाळी शेठचा निरोप वाडीत आला. घरोघर, गोड भाषेत. कामावर राहायचं असेल तर मागे बसायचं. काही बायका उद्या येणार नाहीत, मला माहीत आहे. त्यांची चूल त्या पगारावर पेटते, मी त्यांना बोल लावणार नाही. आई येईन म्हणाली आहे. तिला काढतील, बहुतेक याच आठवड्यात. काढू देत, तिनेच म्हटलंय.

पण मला तिथून कुणी काढू शकत नाही. तिथे माझी नोकरी नाही, कंत्राट नाही, पगार नाही. फलकावर लिहिलंय, चौक सर्वांसाठी खुला आहे. मी दुपारी त्या काठावर जाऊन बसणार, आई असो नसो, आणि ती खोली पडेपर्यंत रोज तिथेच जेवणार.