आक्षेप नसेल तर मंजूर

जिनिव्हातल्या आमच्या बैठकांमध्ये मतदान होत नाही. अध्यक्ष विचारतो, कोणाचा आक्षेप? सभागृह गप्प राहिलं की लाकडी हातोडा टेबलावर पडतो आणि मसुदा मंजूर होतो. माझं अख्खं करिअर या गप्प बसण्यावर चाललं. आधी सरकारतर्फे व्यापाराच्या वाटाघाटी केल्या, मग गरीब देशांना व्यापारात हात देणाऱ्या एका संस्थेची प्रमुख झाले. समोरच्याला न दुखावता गप्प कसं करायचं, हे मला छान जमतं. त्याचाच पगार मिळतो म्हणा ना.

मागच्या सुट्टीत जोगेश्वरीला आम्हा भावंडांची बैठक बसली. बाबा गेल्यापासून आई चाळीतल्या खोलीत एकटी राहत होती. खोली विकायची यावर एकमत होतं, पण दादाला आई बोरिवलीला त्याच्याकडे हवी होती आणि ताईला मुलुंडला तिच्याकडे. दोघांची चांगलीच जुंपली.

"तू देशादेशांची भांडणं मिटवतेस ना? मग हे मिटव की," ताई म्हणाली.

चहा गार व्हायच्या आत मी मिटवलं. ताईला आधी मनातलं सगळं बोलू दिलं. दादाला थोडं मागे सरायला लावलं. पावसाळाभर आई मुलुंडला, एरवी बोरिवलीला. मग सवयीने दोघांकडे आळीपाळीने बघत मी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" कोणीच बोललं नाही. आई खाटेवर बसून कुळीथ निवडत होती.

"चला, ठरलं," मी म्हटलं.

"झकास! तू नसतीस तर वाट लागली असती यार," दादा म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

रजा संपत आली तेव्हा मी आईचं सामान बांधायला गेले. खोलीचे कागद दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. आईने डबे पुसून, कोकमाच्या सोलांची बरणी फडक्यात गुंडाळून तयार ठेवली होती. गोधड्यांचं गाठोडं बांधताना ती म्हणाली, "माका हयच रवाचा होता गो."

"इथेच राहायचं होतं? मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"माका वाटला, तुमचा झाला की माकाय विचारशीत. मी वाट बघी होतंय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं, आणि ते आजचं नव्हतं. मी सुतळी ओढत राहिले. व्यवहार थांबवायला एक फोन पुरला असता. पण मग दादा चिडला असता, ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती, आणि माझ्यात ते सगळं परत ऐकायचं त्राण नव्हतं. वाटाघाटींच्या शेवटच्या दिवशी एखाद्या छोट्या देशाचा प्रतिनिधी आपला आक्षेप घेऊन हळूच माझ्या खुर्चीपाशी येतो, तेव्हा त्याला जे सांगते, तेच मी आईला सांगितलं. आवाजही तोच, मऊ.

"आता सगळ्यांचं ठरलंय गं आई."

"बरा," ती म्हणाली, आणि मला गाठ घट्ट मारता यावी म्हणून तिने सुतळीवर बोट दाबून धरलं.