डोंगराकडची खिडकी

चष्मेवाल्याच्या पाठीमागे कुणीतरी लोखंडावर दोनदा टकटक करायचं. दुकान एवढंसं. पाठीमागे भिंत, भिंतीला आरसा. तिथं कुणाला उभं राहायचं तर भिंतीतच उभं राहावं लागलं असतं. सुरुवातीला तो दचकून वळायचा आणि आरशात आपलंच तोंड बघून ओशाळायचा. मग त्यानं वळणंच सोडलं. टकटक झाली की मान खाली घालून काच घासत बसायचा. बायकोला वाटलं, कानात मळ झालाय. तिनं धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. तेच तर दुखणं होतं.

टकटक कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती चावीची होती.

चावी म्हणजे पलीकडच्या गल्लीतला कुलपं दुरुस्त करणारा. त्याचं खरं नाव लोक कधीच विसरून गेले होते. या दोघांना खूळ एकच, रेल्वेची इंजिनं बघायची. कुणी पत्ते कुटतं, कुणी शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसतं, हे दोघं इंजिनं बघायचे. पावसाळ्यात धंदा बसला की डबा बांधून किनाऱ्याच्या गाडीला जायचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधे एकच रूळ. पावसात गाड्या बिचकत चालतात, स्टेशनात एकमेकींची वाट बघत ताटकळतात. इंजिनाचे नंबर निवांत वाचता येतात.

चष्मेवाला समुद्राकडच्या खिडकीत, चावी डोंगराकडच्या. एका माणसाला दोन्हीकडे बघता येत नाही, म्हणून ठरलेलं होतं की एकानं बघितलं ते दोघांचं. चावी बोटातल्या अंगठीनं खिडकीच्या गजावर दोनदा ठोकायचा, नंबर सांगायचा आणि म्हणायचा, "बघितलं." चष्मेवाल्यानं न वळता म्हणायचं, "धरलं." विषय संपला. नियम आणखी एकच. चाकं रुळावर पाहिजेत. मोडीत काढलेलं इंजिन धरायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात लांबलचक बोगदा संपून गाडी उजेडात आली. चावीची खिडकी नेहमीसारखी उघडी होती आणि आत येणाऱ्या पाण्यावरून डब्यातली निम्मी माणसं त्याला शिव्या घालत होती. टकटक झाली. "दोनशे सोळा. बघितलं," चावी म्हणाला.

चष्मेवाल्याला हसू आलं. या रुळावर धावणाऱ्या जातीच्या इंजिनांतलं दोनशे सोळा तेवढं दोघांनी कधी बघितलं नव्हतं. आणि ते दिसण्यातलं राहिलंही नव्हतं. असल्याच एका पावसात भराव खचून ते खाडीत गेलं होतं, वर काढून भंगारात तोडलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून चष्मेवाला म्हणाला, "तुझा नंबर वाढलाय लेका. दुकानात ये, फुकट काच बसवून देतो." आणि हसत वळला, तर चावीचं कपाळ गजाला टेकलेलं. पाऊस त्याच्या चष्म्यावरून ओघळत होता आणि तो पुसत नव्हता.

"धरलं" म्हणायचं राहून गेलं ते गेलंच.

त्याहून वाईट पुढं होतं. मेलेलं इंजिन चावीला दिसलं कसं? दिसलं नसेल तर तो खोटं बोलला. जाता जाता एक खोटं बोलला असेल, तर आधीची किती? डोंगराकडची सगळी इंजिनं चष्मेवाल्यानं चावीच्या जिभेवर धरली होती. आता काच घासताना ती एकेक करून विझल्यासारखी व्हायची. आपला अर्धा जन्म खरा होता की नाही, हे विचारायला माणूस राहिला नव्हता. टकटक तेवढी राहिली होती.

यंदा पाऊस लागला तशी चावीची बायको निथळती छत्री घेऊन दुकानात आली. ते जिथं बसायचे तिथं मला बसवा, म्हणाली. चष्मेवाल्यानं पावसाचं सांगितलं, दरडींचं सांगितलं, गाडीतल्या संडासाचंही सांगितलं. ती म्हणाली, त्या माणसाबरोबर संसार केलाय, संडासाला काय भ्यायचंय. चष्मेवाल्यानं दोन तिकिटं काढली.

तिला डोंगराकडची खिडकी दिली. तिनंही ती उघडी टाकली आणि पहिल्याच वळणाला लोकांची बोलणी खाल्ली. बराच वेळ गेल्यावर, बाहेर बघतच तिनं विचारलं, "भाऊजी, शेवटी काय म्हणाले ते?"

"सांगितलं की वहिनी. तुमचं नाव घेतलं."

"जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर सगळा संसार झाला. मरताना कुठून आठवेल?"

चष्मेवाल्यानं समुद्राकडे बघितलं. तिकडूनही काही सुचेना. मग त्यानं खरं ते सांगून टाकलं. नंबर सांगितला, ते इंजिन कसं मेलं ते सांगितलं, आपण हसलो तेही सांगितलं.

वहिनीनं भिजलेला पदर पिळला. "हां," म्हणाली. "हे त्यांच्यासारखं आहे."

बोगदा आला. अंधारात चाकांचा आवाज दुप्पट झाला. उजेड झाला. चष्मेवाल्याच्या पाठीमागे टकटक झाली. दोनदा, लोखंडावर.

तो वळला नाही. वर्षभराची सवय. त्यानं मान खाली घातली आणि समुद्र बघत राहिला. "भाऊजी," कुणीतरी म्हणालं, तरी तो वळला नाही. मग वहिनीनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो केवढा दचकला.

"दोनशे सोळा," ती म्हणाली. "वळला का नाहीत? गजावर बांगडी आपटून हात दुखला माझा."

खिडकीत आता नुसता डोंगर होता.

चष्मेवाल्याच्या मनात आलं ते तिला तोंडावर वाचता आलं असावं. नंबर तिला त्यानंच सांगितला होता. त्यानं तिचं मन राखायला नावाची थाप मारली, आता ती नंबराची मारून फेड करत असेल.

"मी तुमच्यासारखी नाही हो," वहिनी म्हणाली. "खोपटं आहे तिथं. पत्र्याची भिंत, वर चुना. ओल्या चुन्याखालून पिवळे आकडे दिसत होते. स्वयंपाकघर इतक्यांदा सारवलं-रंगवलं मी, ओला चुना आरपार दिसतो, एवढं कळतं मला."

पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगला गाडी थांबली. फलाटावर एक गँगमन घमेलं डोक्यावर धरून उभा होता. चष्मेवाल्यानं खोपटाचं विचारलं. तो म्हणाला, आमचंच आहे. पत्रा कुठल्यातरी मोडक्या इंजिनाचा, आमच्या आधीच्या गँगनं आणून ठोकलेला. चुना दरवर्षी आम्ही मारतो. नंबर कुठला, असं विचारल्यावर त्यानं घमेलं जरा वर केलं. "तो वाचतोय कोण? गळत नाही, एवढं बघतो आम्ही."

परतीला चष्मेवाला डोंगराकडच्या खिडकीत बसला. आणि नशीब असं की पावसानं उघडीप दिली. रखरखीत ऊन पडलं. गाडी बोगद्याच्या अलीकडे आली तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी गज धरले.

खोपटं दिसलं. भिंत सुकून पांढरीफटक झाली होती. आकडा नाही, आकड्याची सावलीसुद्धा नाही. पण भिंतीत एक खिडकी होती, गोल कोपऱ्यांची, ड्रायव्हरच्या बाजूला असते तशी. तिच्यात कोपर टेकून एक माणूस बसला होता आणि रुळाकडे बघत होता. खाली चाकं नव्हती, रूळ नव्हते, नुसता चिखल. खिडकीतल्या माणसानं चालत्या गाडीला हात केला. पाठोपाठ बोगदा आला.

चष्मेवाला अंधारात बसून होता. चावी खोटं बोलला नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं होतं. पण नियम तर साफ होता. चाकं रुळावर पाहिजेत. शिवाय आकडा त्यानं स्वतः बघितलाच नव्हता. पुन्हा सगळं दुसऱ्याच्याच जिभेवर आलं होतं.

"दिसला का?" समुद्राकडून वहिनीनं विचारलं.

"नाही."

बोगदा संपत आला तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"धरलं," चष्मेवाला म्हणाला.

कुणाला म्हणाला, ते तिनं विचारलं नाही.

टकटक अजून होते. पाऊस लागला की जास्तच. आता तो वळतो. पाठीमागे कुणी नसतं. आरशात चष्मेवाला असतो, त्याला तो "धरलं" म्हणतो आणि पुन्हा काच घासायला घेतो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या नाकावरची फ्रेम घट्ट धरली का ते विचारतोय. तेही मान हलवून म्हणतं, "हो, बसलीय नीट."