तिसरा ढीग

गुडघ्याला रोशाचं तेल चोळलं की पिपलानीच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. माझी मुलगी तेव्हा याच रोशा गवतावर पीएचडी करत होती. दिसायला सगळं गवत सारखंच, पण तिचे सर म्हणत की वास वेगळे, म्हणून याच्या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दुसरे प्राध्यापक म्हणत, एकच. तिला सरांचं म्हणणं सिद्ध करायचं होतं. त्या दिवशी झाडताना माझ्या हातून तिच्या वाळलेल्या जुड्या पडल्या, चिठ्ठ्या सुटल्या, सगळं एकत्र झालं. ती रडून रडून झोपली. मी फरशीवर बसून एकेका जुडीतली काडी चुरगळून हुंगू लागले. एका जुडीला गुलाबासारखा वास, दुसरीला आल्यासारखा; तसे दोन ढीग लावत गेले. कूलर घुमत होता, ऊन सरकत होतं, आणि वास इतका दाटला की मी बसल्या जागी उंच गवतातून चालत होते, पुढे टेकडी होती आणि माणूस कोणी नव्हतं. शेवटच्या जुडीतल्या प्रत्येक काडीला दोन्ही वास आले. ती मी बाजूला ठेवली. मुलीनं उठून ती कितीतरी वेळ हुंगली. "आई, टाकायचीस ना कुठल्याही ढिगात! सर नाराज हो जाएंगे." "होऊ देत. खोटं कशाला सांगू?" शेवटी तिनं ती जुडी सरांना दाखवली. दोन जाती वेगळ्या असं आता ठामपणे म्हणता येईना, प्रबंध नव्यानं लिहावा लागला, आणि महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. आता ती स्वतः शिकवते. वाद अजून मिटलेला नाही म्हणते, पण हल्ली ते सांगताना तिला राग येत नाही.