खिळलेल्या हातांचा उद्गार

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार मंडळीतल्या सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकाने आपल्या उद्गारावर दहा मिनिटं बोलायचं असतं. शेवटचा उद्गार, म्हणजे प्राण सोडताना त्याने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला तो, कित्येक वर्षं माझ्या वडिलांकडे होता. दुसऱ्या कुणी तो मागायची सोयच नव्हती. पण कंपवाताने पप्पांचा आवाज इतका बारीक झाला, की माइकसमोरही ऐकू येईना. मग यंदा पाळकसाहेबांनी तो मला दिला.

पप्पांनी जुनी टिपणं काढून दिली आणि यात स्वतःची अक्कल घालू नकोस, असंही बजावलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, नाकावर माशी बसू देत नाही.

आमचं खरं भांडण जेवणावरून होतं. त्यांचे हात थरथरायचे, घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. मी भरवते म्हटलं की ताट खोलीत ठेवायला सांगायचे आणि दार लावून घ्यायचे. तासाभराने बघावं तर अर्धा भात शर्टावर, उरलेला ताटात. सहा महिन्यांत कपडे अंगावर लोंबायला लागले. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी हे पप्पांना समजावून सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा रडूनही सांगितलं.

"मी लहान मूल नाही," एवढंच ते म्हणाले.

त्या दुपारी मी टिपणं घेऊनच उभी राहिले. त्यात सगळं जागच्या जागी होतं, विश्वास, आज्ञापालन, पित्याची इच्छा. समोर पहिल्या बाकावर पप्पा बसले होते, एका हाताने दुसरा हात मांडीवर दाबून धरलेला. ते बघितलं आणि मला पुढची ओळ वाचवेना. कागद बाजूला ठेवून मी सुचेल ते बोलले. म्हटलं, हा उद्गार काढताना येशूचे स्वतःचे हात खिळलेले होते. त्याच हातांनी त्याने भाकरी मोडून लोकांना दिली होती, शिष्यांचे पाय धुतले होते, आणि आता तहान लागली तर ओठ ओले करायलाही दुसरा कुणी लागत होता. अशा वेळी त्याने स्वतःला पित्याच्या हाती दिलं. मला यात हार दिसत नाही. माणूस इतका निर्धास्त फक्त आपल्या माणसाच्या हाती होतो.

बोलून खाली बसले आणि मग लक्षात आलं. भर चर्चमध्ये मी बापाचे हात चव्हाट्यावर आणले होते.

या उपासनेनंतर आमच्यात कुणी कुणाला सलाम करत नाही, सगळे न बोलता बाहेर पडतात. पप्पा तर हा नियम घरी पोचेपर्यंत पाळतात. हडपसरपर्यंत रिक्षात ते बाहेर बघत बसले. एरवी माझं काही चुकलं की ते ताबडतोब सुनावतात, आणि त्या दिवशी ते सुनावणंसुद्धा मला हवं होतं. आता हे माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत, या भीतीने माझा जीव अर्धा झाला.

घरी गुड फ्रायडेचा उपास सोडायचा होता. मी मऊ भात कालवला, वरण घातलं आणि खोलीकडे निघाले, तर ते स्वयंपाकघरातच टेबलाशी खुर्ची ओढून बसलेले.

"चार मिनिटं जास्त बोललीस," ते म्हणाले.

मी हो म्हटलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चमच्याला हात लावला नाही. समोरची खुर्ची मला दाखवली.

"बस," ते म्हणाले. "आणि घास लहान कर."