कणगीमागची बाटली

परवा रत्नागिरीला डॉक्टरांनी माझ्या हाताच्या फळ्या सोडल्या. मनगट सरळ जुळलंय, मूठ वळते... आणि परत येताना भाट्याची खाडी ओलांडणाऱ्या तरीत, होडीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत. निम्मे संशय तरी खरे निघालेत माझे.

पितृपक्षात विहिरीच्या पायरीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट काटकीसारखं मोडलं. एवढ्याशा पडण्याने कसं मोडलं याचं मलाच नवल वाटलं. पाळी थांबल्यावर पुष्कळ बायकांची हाडं ठिसूळ होतात, का ते अजून नीट कळलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या सासूबाई कमरेतून पार वाकल्यात, त्यामुळे मला ते पटलं.

मग त्यांनी विचारलं, पाळी जाऊन किती झालं? मी लाजून खाली बघतेय तोवर सोबत आलेल्या माझ्या धाकट्या जावेने, गोदीने, चटकन सांगून टाकलं. माझा हिशेब हिच्या एवढा ध्यानात कसा?... तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अंगातून वाफा निघतात, घामाने निथळते, हेही तिनेच सांगितलं. त्यावर डॉक्टरांनी मुंबईहून मागवायच्या नव्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी कदाचित पुन्हा विटाळ सुरू होईल, तसं झालं तर कळवा, असंही बजावलं.

बोटीने बाटली आली. गोळ्या कशाच्या, तर कुठल्याशा जनावराच्या ग्रंथींच्या! सोवळ्यात देवाचा स्वयंपाक करणारी मी, ते पोटात घालणार?... बाटली गपचूप भाताच्या कणगीमागे सारली. आमचे हे रोज जेवताना विचारायचे, "घेतलीस का?" मी मान डोलवायची.

आता नवरात्राचं सांगते. लग्न झाल्यापासून दरवर्षी माझा जीव टांगणीला... घट बसले आणि मीच बाहेर बसले, असं किती वेळा झालंय. यंदा ती भीती नव्हती. पहिल्यांदाच सगळे दिवस देवीचं मी करणार होते, मोडका हात असला तरी. डॉक्टरांनी तो हलवू नका म्हटलं होतं खरं. पण सासूबाई म्हणाल्या, "देवाचं करताना हात दुखत नाही गो." आणि मलाही तेच हवं होतं.

घट बसायच्या दिवशी सकाळी मी एका हाताने कळशी उचलतेय, तोच गोदी स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, "सासूबाई, वहिनींना शिवू नका हो. कावळा शिवलाय त्यांना. त्या गोळ्यांनीच... डॉक्टर म्हणालेच होते."

मी आ वासून उभी. धडधडीत खोटं! पण बोलू काय? खोटं आहे म्हणावं, तर गोळी एकही घेतली नाही हे सांगावं लागणार, आणि हे तर ओटीवरच बसलेले. शिवाय एकदा तसा संशय आला की सोवळं संपलंच. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. मी मुकाट्याने मागच्या खोलीत जाऊन बसले.

तेव्हा मला सगळा डाव लख्ख दिसला. माझ्या हातचं सोवळं हिला हवंय... म्हणून डॉक्टरांपुढे एवढा पुळका. चार दिवस झाले तरी म्हणते, "गोळ्यांचा विटाळ आहे, तो थांबतच नाहीये." शेजारणी दारातून कौतुक करून जायच्या, गोदी एकटी किती राबते! मी आत दात ओठ खात बसलेली.

ताट मात्र ती वेळेवर सरकवायची. रोज नाचणीची आंबील आणि पेलाभर दूध. मला वाटायचं, ही लाच.

नवरात्र संपलं, तरी मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. परवा डॉक्टरांनी हात वळवून बघितला आणि म्हणाले, "छान विश्रांती घेतलीत. गोळ्या संपल्या?" मी बेधडक म्हटलं, संपल्या. गोदी आपल्या पिशवीचे बंद आवळत होती.

आमची तर धक्क्यावरून सुटली. खाडीच्या मध्यावर आल्यावर तिने पिशवीतून बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. तीच. बूचसुद्धा न उघडलेली!

"नवरात्राची झाडलोट करताना सापडली," ती म्हणाली. "म्हटलं, आता वहिनींना माझं खोटं खोडून काढता यायचं नाही."

"पण कशाला गो?" मी विचारलं.

ती म्हणाली, "माझ्या आईचा हात असाच मोडलेला. कामापायी तसाच वापरला, तो वाकडा जुळला. मला वेणी घालायला तिला पुन्हा कधी जमलं नाही. तुम्हाला बसा म्हटलं असतं तर बसला असतात?"

नसते बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही... तरीतल्या माणसांना काय म्हणायचं ते म्हणोत. बऱ्या झालेल्या हाताने मी तिचा हात घट्ट धरला, आणि तो घट्ट धरता येत होता.

गोळ्यांवर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही. पण बाटली मी फेकली नाही, पुन्हा कणगीमागे ठेवलीय. गोदीची पन्नाशी काही फार लांब नाही, आणि तीही सांगून बसणारी नाही... तेव्हा मोठ्याने खोटं बोलायची पाळी माझी.