ढेकणांचा माग

शिरूरच्या मिशन आवारामागं पत्र्याची चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत लिडियाबाई पाटोळे गादीकाम करायच्या. नवरा एलिया सुतार. तो खुर्चीचा सांगाडा करी; त्यावर पट्टे ताणणं, स्प्रिंगा बांधणं, काथ्या भरणं, वर कापड ओढून बारीक खिळे ठोकणं, हे सगळं लिडियाबाईंचं. हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी मिशनच्या बंगल्यातली एक मोडकी खुर्ची फेकायला काढली होती. ती त्यांनी मागून आणली, एकेक थर उसवला, कुठला थर कसा निघाला ते लक्षात ठेवलं आणि उलट्या क्रमानं सगळं पुन्हा बसवलं. त्यात सुई एकदा अंगठ्यातून आरपार गेली. पण त्या खुर्चीवर पाळकसाहेब पुढं बारा वर्षं बसले.

तरी त्यांचं नाव झालं ते ढेकणांमुळं. गादीच्या खुर्च्या तेव्हा मोजक्याच घरांत असत आणि जिथं असत तिथं ढेकूणही असत. लोक रॉकेल ओतून कापडाची नासाडी करत, नाहीतर कडुलिंबाचा पाला खुपसत. लिडियाबाई म्हणायच्या, "लिंबाच्या पाल्यानं ढेकूण लाजतंय, मरत न्हाई." त्या आधी खुर्ची पालथी घालत. माणूस बसतो तिथं ढेकूण राहत नाही. तो शिवणीच्या पोटात, खिळ्याच्या टोपीखाली, लाकडाच्या सांध्यात राहतो. खसखशीएवढी त्याची अंडी हुडकायला लिडियाबाईंना भिंग लागत नसे. ज्या गादीला त्यांनी हात लावला, तिच्यात ढेकूण पुन्हा होत नाही, असं गावात बोललं जाई.

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात बंगल्यातली मडम कायमची मायदेशी निघाली आणि तिचं सामान विकायला निघालं. दिवाणखान्यातला मोठा सोफा तळेगाव ढमढेऱ्याच्या सर्जेरावांनी घेतला. सर्जेराव मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. थोरल्या लेकीला बघायला दौंडचे पाहुणे यायचे होते, म्हणून सोफ्याची घाई.

पाहुणे महिन्यानं आले. मुलाचे चुलते भिमाजी सोफ्याच्या भिंतीकडच्या टोकाला बसले. जरा वेळानं ते चुळबुळ करू लागले, मग मान खाजवू लागले, आणि पोह्यांची बशी हातात घेतली तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बाहीवरून एक टपोरा ढेकूण सगळ्यांच्या देखत चालत गेला. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. दहा दिवस झाले तरी कळवणं आलं नाही.

लिडियाबाईंना बोलावणं गेलं. त्या एसटीनं तळेगावला उतरल्या तेव्हा सर्जेरावांनी सोफा अंगणात काढून ठेवला होता.

"बाई, मिशनचा माल म्हणून इस्वासानं घेतला," ते म्हणाले. "आता जाळू का त्याला?"

"जाळायच्या आदी मला बघू द्या, आप्पा."

त्यांनी सोफा पालथा घातला, खालचं कापड सोडवलं. आतली शिवण त्यांचीच होती, मागच्या नाताळात घातलेली. ढेकूण वर्षानुवर्षं राहिला की त्याच्या विष्ठेनं लाकूड काळं पडतं, शाईचे ठिपके उडाल्यासारखं. इथं आतलं लाकूड कोरं होतं. ठिपके होते ते फक्त बाहेरून आणि फक्त एका टोकाला. हे मूळचे रहिवासी नव्हते. महिनाभरात बाहेरून आलेले होते. त्यांनी सोफा ठेवायची जागा जाऊन पाहिली. ते टोक टेकायचं त्या भिंतीला बारीक चीर होती. भिंतीपलीकडं सर्जेरावांच्या आईची, सोजराबाईंची खोली.

घरातली माणसं अंगणात होती. लिडियाबाई एकट्याच खोलीच्या दारात गेल्या. म्हातारी बाजेवर बसली होती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फोड आणि खपल्या. सुंभाची बाज, आणि सुंभाच्या प्रत्येक गाठीत काळे ठिपके. मलेरियावाल्यांनी तीन वर्षांमागं भिंतींवर फवारा मारला होता. पहिल्यांदा ढेकूण मेले, मग दुप्पट झाले, असं तिनं हळूच सांगितलं. नंतर दारापलीकडं नजर टाकून ती म्हणाली, "कुनाला सांगू नगं, पोरी. सुनंला वाटंल, म्हातारीच्या अंगात किडं पडलं. माजं आंथरून गोठ्यात जाईल."

लिडियाबाई बाहेर आल्या. सोफा निर्दोष होता, त्यांचं काम निर्दोष होतं, आणि हे सिद्ध करायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्या बोलल्या नाहीत. ढेकूण एकदा घरात शिरला की एका वस्तूवर थांबत नाही, म्हणून घरातलं सगळं लाकूडसामान आणि बाजा बाहेर काढा, एवढंच त्यांनी सांगितलं. सोफ्यानं सारं घर बाटवलं, असा अर्थ सर्जेरावांनी घेतला. लिडियाबाईंनी तो घेऊ दिला.

तीन दिवस काम चाललं. गुऱ्हाळाची एक जुनी काहील पडून होती. ती घासून, चुलवणावर चढवून त्यांनी त्यात काथ्या उकळला. सोफ्याचं कापड दोन दिवस तापल्या पत्र्यावर पसरलं. त्या उन्हात पत्र्यावर हात ठेववत नव्हता. सांध्यांत उकळतं पाणी, मग ब्रशानं रॉकेल, आणि वाळल्यावर फटींत मेण-राळ. सोजराबाईंच्या बाजेचं सुंभ त्यांनी जाळलं आणि नवं स्वतः विणलं. भिंतीची चीर चुन्यानं बुजवली. पुढं सोफा आणि बाजा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पाय पाण्याच्या डब्यांत असू द्या आणि दर पंधरवड्याला पालथं घालून बघा, हे सुनेला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

पण बोभाटा झालाच. मिशनच्या सोफ्यात ढेकूण निघाले ही गोष्ट बाजारात पसरली. शिरूरच्या एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या सहा खुर्च्या द्यायच्या ठरवल्या होत्या, त्यांनी नको म्हणून निरोप धाडला. आणखी दोन कामं गेली. एलिया चिडला. आपलं नाव जातंय आणि तू गप्प कशी, असं त्यानं विचारलं.

"ती म्हातारी सोताच्या घरात चोरावानी ऱ्हात व्हती," लिडियाबाई म्हणाल्या. "आपलं नाव काय, हातात काम हाय तवर पुन्ना कमावता येतंय."

तरी ते दिवस त्यांना जड गेले. हातात सुई घेऊन त्या रिकाम्या सांगाड्यापुढं बसून राहत.

पावसाळ्याच्या तोंडाला एका बाजारच्या दिवशी चाळीपुढं सर्जेरावांची बैलगाडी थांबली. सोजराबाई लेकाच्या हाताला धरून उतरल्या. शेजारपाजारच्या बायका दारांत आल्या. म्हातारीनं आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली.

"ढेकूण माज्या बाजंतले. सोफा चांगलाच व्हता. ह्या बाईनं समदं पाहिलं आन् माजी अब्रू राखली. दोन म्हैनं मला सुखाची झोप लागतीय, आन् हिकडं हिच्या कामाला धक्का लागलाय. कालच कळालं मला. म्हून आले."

सर्जेराव खाली मान घालून उभे होते. आईनं आदल्या संध्याकाळीच त्यांना सगळं सांगितलं होतं. सोजराबाई उंबरा ओलांडून आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. लिडियाबाई थबकल्या. त्यांच्या माठातलं पाणी गावातलं वरच्या जातीचं माणूस कधी प्यालं नव्हतं. म्हातारीनं तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि सगळा रिकामा केला.

सर्जेराव त्याच दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि झालेली चूक स्वतः सांगून आले. खुर्च्या आठवड्यात लिडियाबाईंकडं आल्या. दौंडचं कळवणंही आलं: मुलगी पसंत होती. भिमाजींच्या घरी मशागतीची गडबड होती म्हणून उशीर झाला, एवढंच. पत्राच्या शेवटी त्यांनी, बाजारात ऐकलेल्या, सोफा नीट करणाऱ्या बाईंचा पत्ता विचारला होता. त्यांच्या घरीही चार खुर्च्या होत्या, आणि ढेकणांच्या धास्तीनं तिथं रात्री दिवा लावूनच झोपावं लागे.

लिडियाबाई दौंडला गेल्या, आणि मग दर महिन्याला जात राहिल्या. एक घर दुसऱ्या घराला सांगे. एकटीला काम आवरेना, तेव्हा त्यांनी दौंडच्या गीताबाई आणि वच्छलाबाई या दोघींना हाताशी घेतलं. पहिल्या दिवशी सुई दिली नाही. काचेच्या बाटलीत एक ढेकूण घालून ती त्यांच्यापुढं ठेवली आणि हा उपाशी किती दिवस जगतो ते बघा म्हणाल्या. दोघींनी रोज बाटली पाहिली. चार महिने झाले, तरी ढेकूण पाय हलवत होता. ढेकूण किती चिवट असतो हे दोघींना पटलं, तेव्हा लिडियाबाईंनी त्यांच्या हाती सुई दिली. सदुसष्ट सालापर्यंत त्या दोघी दौंडात स्वतःच्या नावावर कामं घेत होत्या.