ग्रेटा कॉर्कम आपलंच गाव बघायला जाते

अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या सोडतीत ग्रेटा कॉर्कमला दुसरं बक्षीस लागलं, तेव्हा तिचा नवरा एल्विन जरा हिरमुसलाच. पहिलं बक्षीस होतं यांत्रिक करवत, आणि त्याचा डोळा तिच्यावर होता. दुसरं बक्षीस म्हणजे बसच्या एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं. सोबत गाइड, आणि 'किनाऱ्यावरची तीन ऐतिहासिक गावं': पेगीज कोव्ह, महोन बे आणि लुनेनबर्ग.

एल्विनने तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "लुनेनबर्ग म्हणजे इथेच की."

एवढं बोलून तो मांजराला खायला घालायला गेला. एल्विन दिवसाकाठी अकरा शब्द बोलतो, त्यातले चार मांजराशी, असं त्याची बहीण लोर्ना म्हणते. मी त्यांच्या समोरच्या घरात वीस वर्षं राहते आहे. लोर्नाचा हिशोब फारसा चुकलेला नाही.

ग्रेटाने एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काढली. पायात रबरी बूट, डोक्याला जाळी, समोर सरकत्या पट्ट्यावर कॉड मासा. आदल्या वर्षी ती निवृत्त झाली. उन्हाळ्यात आमच्या गावात एवढ्या बसगाड्या येतात की रस्ता ओलांडताना त्यांच्यामधून वाट काढावी लागते, पण त्यातल्या एकीतही ग्रेटा कधी चढली नव्हती. कोण चढेल? बसमध्ये बसतात ते पाहुणे. आपण त्यांना कॉफी द्यायची, रस्ता सांगायचा आणि पाठ वळली की हसायचं.

"तिकिटं फुकट घालवायची नाहीत," लोर्ना म्हणाली. लोर्ना विधवा, ग्रेटाहून दोन वर्षांनी मोठी. या नणंद-भावजयींचं इतकं जमतं की एल्विनला दोघींपुढे बोलायची पाळीच येत नसावी.

"अगं, पण कोणी पाहिलं तर? आपल्याच गावात बसमधून उतरायचं? चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय राहायची नाही."

"तोंड दाखवायचंच कशाला?" असं म्हणून लोर्नाने एक गवती टोपी आणली. तिचा घेर एवढा मोठा होता की खाली दोन माणसं पावसात उभी राहिली असती.

जुलैतल्या एका बुधवारी पहाटे लोर्नाच्या गाडीतून दोघी शंभर किलोमीटर लांब हॅलिफॅक्सला गेल्या, कशासाठी, तर तिथून बसमध्ये बसून घरी परत यायला. हे ग्रेटाच्या लक्षात आलं ते निम्म्या वाटेत. तिला हसू फुटलं, ते पाहून लोर्नाला फुटलं, आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

गाइडचं नाव ग्रॅहम. ओंटारियोत शाळामास्तर होता, निवृत्त होऊन समुद्राकाठी आलेला, सालस माणूस. बस सुटल्यावर त्याने एकेकाला विचारलं, कुठून आलात? कोणी फ्रँकफर्ट म्हणालं, कोणी टेक्सस. माइक ग्रेटापाशी आला. आता 'लुनेनबर्ग' म्हणायचं तरी कसं? तिच्या तोंडून निघून गेलं, "सस्कॅचवान." तो प्रांत कॅनडाच्या पार मध्यावर, समुद्रापासून कोसो दूर.

"काय सांगता!" मागच्या सीटवरून एक जाडजूड गृहस्थ जवळजवळ उभाच राहिला. "आम्हीही सस्कॅचवानचेच! मी ओरेस्ट मेल्निक, ही माझी बायको. गाव कुठलं तुमचं?"

"लहान आहे हो."

"आमचंही लहानच आहे. नाव काय?"

"इतकं लहान आहे," लोर्ना मध्ये पडली, "की अजून नाव ठरलेलं नाही."

"पण आहे कुठे?"

"डोंगराच्या पायथ्याशी," ग्रेटाने ठोकून दिलं.

ओरेस्टने बायकोकडे पाहिलं, बायकोने ओरेस्टकडे. "असं होय," तो म्हणाला आणि खाली बसला.

पेगीज कोव्हला दीपगृहाखालच्या खडकांवर सगळे उतरले. ग्रॅहमने दोनदोनदा बजावलं: काळ्या, ओल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, लाट सांगून येत नाही. मेल्निकबाई जवळ येऊन म्हणाल्या, "आम्ही पहिल्यांदाच समुद्र बघतोय. तुम्हीही?"

ग्रेटाच्या बापाची बोट होती, आजोबांचीही. तिने छातीवर हात ठेवला. "अगं बाई! केवढं हे पाणी!"

"आणि हे सगळं खारट?" लोर्नाने विचारलं.

"सगळं?" ग्रेटा म्हणाली.

पुढे लोर्नाला बोलताच येईना. ती दीपगृहाच्या भिंतीला टेकून पोट धरून हसत राहिली. मेल्निकबाईंनी तिला पाणी दिलं. ग्रॅहमला वाटलं उंचीची भीती असेल, त्याने तिचा हात धरून तिला खाली नेलं. ग्रेटा मागून चालत होती आणि टोपीखाली तिचे खांदे गदगदत होते. कारखान्यात एकतीस वर्षांत ती हसली नव्हती असं नाही, पण तिथे यंत्रांच्या आवाजात आपलंच हसू आपल्याला ऐकू यायचं नाही.

महोन बेला तीन चर्च ओळीने पाण्यात डोकावतात, त्यांचे फोटो झाले. मग बेकरीत सगळे रांगेत उभे असताना काउंटरमागची बाई ओरडली, "ग्रेटा! एल्विनचा गुडघा कसा आहे गं?"

अख्खी बस वळून पाहायला लागली. ग्रेटाने टोपी नाकापर्यंत खाली ओढली.

"कोण एल्विन?" लोर्ना खणखणीत आवाजात म्हणाली. "आम्ही सस्कॅचवानच्या."

बेकरीवाली तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिने दोन दालचिनीचे रोल कागदात गुंडाळले आणि पैसे घ्यायचंच विसरली. ग्रेटाने बाहेर जाताना हळूच नोट काउंटरवर सरकवली.

दुपारी दीड वाजता बस लुनेनबर्गच्या धक्क्यापाशी लागली. ग्रॅहम पुढे आणि बावीस माणसं मागे, अशी वरात चढावरच्या गल्ल्यांमधून निघाली. मी तेव्हा दारातल्या फुलांना पाणी घालत होते. टोपी दिसली, टोपीखालची चाल ओळखीची वाटली, पण लोर्नाने तोंडावर बोट ठेवलं, म्हणून मी गप्प राहिले. नळ तसाच वाहत होता.

वरात थांबली ती नेमकी कॉर्कमांच्या पिवळ्या घरासमोर. आमच्याकडच्या जुन्या घरांना दारावर पुढे आलेली मोठी खिडकी असते, तशी त्यांच्याही घराला आहे. ग्रॅहमने आवाज खाली आणला. "ही खिडकी बघा. एका कप्तानाची बायको याच खिडकीत बसून बुडालेल्या नवऱ्याची वाट पाहत राहिली. अकरा वर्षं!"

टेक्ससच्या बाईंनी डोळे पुसले. ते घर बांधलं एल्विनच्या पणजोबांनी, आणि ते होते चांभार. त्या खिडकीत आंबवलेल्या कोबीची बरणी असते.

त्याच घराच्या भिंतीला शिडी लावून एल्विन रंग देत होता. ग्रॅहमने त्याला हाक मारली. "काका, ही मंडळी लांबून आलीत. या दोघी तर थेट सस्कॅचवानहून! त्या खिडकीबद्दल काही सांगाल का?"

एल्विनने खाली पाहिलं. टोपी पाहिली. टोपीशेजारी आपली सख्खी बहीण पाहिली. ब्रश डब्यात ठेवून तो एकेक पायरी उतरून खाली आला. ग्रेटाला वाटलं, आता संपलं.

"हो," एल्विन म्हणाला. "अकरा वर्षं. बिचारी."

लोर्नाच्या घशातून कसलासा आवाज आला.

"आणि तुमचं लग्न झालंय?" मेल्निकबाईंनी विचारलं.

"चव्वेचाळीस वर्षं झाली."

"मग बाई कुठे दिसत नाहीत?"

"फिरायला गेलीय." त्याने हाताला लागलेला पिवळा रंग पँटला पुसला. "छान आहे माझी बायको. तुम्हाला आवडली असती."

इथेच तो थांबला असता तर आश्चर्य वाटलं नसतं. पण तो थांबला नाही. समोर एवढी अनोळखी माणसं होती म्हणून असेल किंवा आणखी कशामुळे असेल, एल्विन कॉर्कम बोलायला लागला.

"मी शिंपल्यांच्या बोटीवर होतो तेव्हा. बारा दिवसांनी किनाऱ्याला लागलो तर हॉलमध्ये नाच चाललेला. ही तिथे. मी म्हटलं, नाचतेस का? ती म्हणाली, आधी अंघोळ कर. मी म्हटलं, थांबशील? ती म्हणाली, बघते."

"मग?" ओरेस्टने विचारलं.

"घर इथे, चढावर. वर येऊन परत जाईपर्यंत नाच संपला असता. धक्का जवळ होता. बोटीवरचा साबण घेतला आणि मारली उडी."

"समुद्रात?"

"दुसरीकडे कुठे? तिला वाटतं मी घरून चांगले कपडे करून आलो. ते कपडे आमच्या स्वयंपाक्याचे. तो हा एवढासा. पँट माझ्या पोटऱ्यांपर्यंत यायची. ही म्हणाली, नवी फॅशन का? मी म्हटलं, हो. केस ओले होते, तिला वाटलं तेल लावलंय. रात्रभर नाचलो, दात वाजू नयेत म्हणून तोंड मिटून. तेव्हापासून तिला वाटतं मी अबोल आहे." त्याने पुन्हा पँटला हात पुसला. "ऑक्टोबर होता."

"ऑक्टोबर?" टोपीखालून आवाज आला. "त्या पाण्यात? अरे मूर्खा, मेला असतास तू!"

टोपी उडून हायड्रेंजियाच्या झुडपात पडली. ग्रेटाने त्याच्या दंडाला एक सणसणीत चापट मारली, मग तोच दंड दोन्ही हातांनी धरला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एल्विनचे कान लाल झाले होते.

ग्रॅहमला काही उलगडा होईना. "तुम्ही... ओळखता यांना?"

"थोडंफार," लोर्ना म्हणाली. "मी याच्या जन्माच्या वेळी घरातच होते."

मग जो हशा पिकला तो खालच्या धक्क्यापर्यंत ऐकू गेला असेल. ओरेस्ट मेल्निक तर कुंपणाला धरून उभा होता. "अहो बाई, आम्हाला बसमध्येच कळलं होतं! सस्कॅचवानात डोंगर? आमच्याकडे कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो!"

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी मजा चाललेली, मोडायची कशाला?"

ग्रेटाने सगळ्यांना घरात बोलावलं. ग्रॅहम आणि एल्विन धरून चोवीस माणसं त्या स्वयंपाकघरात कशी मावली ते मलाही सांगता येणार नाही, आणि मी पंचविसावी होते. लोणच्यातला हेरिंग मासा निघाला, बिस्किटं निघाली, मी माझ्याकडून चहाचे कप आणले. खिडकीतली कोबीची बरणी पाहायला रांग लागली. ग्रॅहम ओशाळून कोपऱ्यात उभा होता.

"ती कप्तानाच्या बायकोची गोष्ट मला कुणी तरी सांगितली होती हो," तो म्हणाला.

"राहू दे," ग्रेटा म्हणाली, "पण हे घर बांधणारा चांभारही सांगत जा. वाईट माणूस नव्हता."

ड्रायव्हरने खालून तीनदा हॉर्न दिला, तेव्हा बसला चाळीस मिनिटं उशीर झालेला होता. आणि तेव्हा कुठे लोर्नाच्या ध्यानात आलं की गाडी हॅलिफॅक्सलाच आहे. म्हणजे परत बसमध्येच बसायचं.

"मी येतो," एल्विन म्हणाला.

"रंगाच्या पँटवर?"

"याहून वाईट पँटवर तू माझ्याशी नाचलीयस."

मागे एक सीट रिकामी होती, पण तो ग्रेटाशेजारीच बसला आणि लोर्ना मागे मेल्निक मंडळींत गेली. जर्मन पाहुण्यांनी गाणं सुरू केलं, टेक्ससवाल्यांनी दुसरंच, आणि दोन्ही एकाच वेळी हॅलिफॅक्सपर्यंत चालली. निरोप घेताना पत्ते लिहून दिले गेले. मेल्निकबाईंनी ग्रेटाला मिठी मारली ती सोडेचनात.

परत येताना गाडी एल्विनने चालवली. अजून ऊन होतं. लोर्ना मागच्या सीटवर डोळे मिटून पडली. चेस्टरच्या फाट्यापाशी ग्रेटाने विचारलं, "आणखी काय काय सांगितलेलं नाहीस मला?"

एल्विनने विचार केला. एक गाडी पुढे जाऊ दिली.

"तसं बरंच आहे," तो म्हणाला, आणि सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोर्ना कप परत करायला माझ्याकडे आली आणि तिने हा सगळा दिवस मला हातवारे करून सांगितला. चेस्टरच्या फाट्यापासून पुढे ती झोपली नव्हती, हे तिने कबूल केलं. पण तिथून घरापर्यंत एल्विन काय बोलत होता, ते मात्र तिने सांगितलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. ती नुसती हसत कप पुसत राहिली.